एक हात जास्त

विधान क्रमांक सतरा असं होतं: 'शर्यतीच्या आधी मला भीती वाटत नाही.' पुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. खेकडीने एकवर गोल केला होता आणि समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'वाटते. मग?'

प्रश्नावलीच्या मागे गुण कसे मोजायचे ते छापलेलं होतं. समासातल्या प्रश्नांचं काय करायचं ते कुठेच नव्हतं. मी एक गुण धरला आणि पुढे गेले. तीस विधानं, दीडशे गुण. खेकडीची बेरीज एकसष्ट आली. बत्तीस पोहणाऱ्यांत सर्वांत कमी.

शरीरक्रियाशास्त्राची पदवी घेतल्यावर मी सहा महिन्यांसाठी या क्लबात नोंदी ठेवायला लागले होते. वेळा, नाडीचे ठोके, झोपेचे तास. तलावावर कोणालाच खऱ्या नावाने हाक मारत नसत. पहिल्याच आठवड्यात मी 'कागदवाली ताई' झाले. फ्रीस्टाइलवाली मोटर, छातीवर पोहणारी बेडकी, आणि पाठीवर पोहणारी सतरा वर्षांची खेकडी. खेकडा उलटा नाही, तिरका चालतो, असं मी एकदा म्हणाले, तर बेडकी म्हणाली, "ताई, तुमचं विज्ञान कागदावरच राहू दे, पाण्यात आणलंत तर भिजेल."

प्रश्नावली आमच्या प्रशिक्षक सरांनी मागवली होती. आपली पोरं घरच्या तलावात जिंकतात आणि बाहेर गेली की पडतात, हे त्यांचं जुनं दुखणं होतं. "घरात वाघ, दारात मांजर," ते म्हणायचे. "हातपाय सगळ्यांना सारखेच असतात. फरक इथे असतो." आणि कपाळावर बोट आपटायचे. त्यांच्या वहीत प्रत्येक शर्यतीपुढे शेऱ्याचा रकाना होता. खेकडीच्या बाहेरच्या पाच शर्यतींपुढे पाच वेळा एकच शेरा होता: कच खाते.

प्रश्नावलीच्या शेवटी मी माझ्या पदरचा एक प्रश्न जोडला होता. मन कणखर असणं म्हणजे तुमच्या मते काय? हा प्रश्न मी तोंडी विचारायचे आणि उत्तर लिहून घ्यायचे.

"शेवटचे पंधरा मीटर श्वास घ्यायचा नाही," मोटर म्हणाली. "बस. एवढंच."

"आणि घेतला तर?"

"तर तोंडात पाणी आणि गळ्यात काही नाही."

बेडकीच्या मते, सर काठावरून ओरडत असताना त्यांच्याकडे न बघता पोहणं म्हणजे कणखरपणा. दीड हजार मीटर पोहणारा एक मुलगा होता, त्याने बराच विचार केला. "हजाराच्या पुढे पाय म्हणतात, आता पुरे. तेव्हा त्यांना सांगायचं, तुम्हाला विचारलंय कोणी?"

खेकडी ओल्या केसांचं पाणी माझ्या कागदांपासून लांब पिळत म्हणाली, "मला भिंत दिसत नाही. बाकी सगळ्यांना दिसते. आधी हे लिहा, मग कणखरपणाचं बघू."

मी त्यापुढे कंसात लिहिलं होतं: प्रश्न टाळला.

*

मिश्र रिले म्हणजे चार जणी, चार प्रकार, आणि सुरुवात पाठीवरच्या पोहण्याने. पहिल्या टप्प्यावर खेकडी जाणार हे सगळे धरून चालले होते, कारण घरच्या तलावात शंभर मीटरला तिच्या जवळपास कोणी नव्हतं. तिच्यामागे चिमणी होती, चौदा वर्षांची, पाऊण सेकंदाने हळू, बाहेर अजून एकदाही न पोहलेली. पण प्रश्नावलीत चिमणीला एकशे अठ्ठावीस गुण होते. भीती वाटत नाही, पाच. हरल्यावर झोप लागते, पाच. सगळीकडे पाच.

सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बुधवारी काठावर उभं राहून जाहीर केलं, "रविवारी स्पर्धेच्या मोठ्या तलावात चाचणी. खेकडी आणि चिमणी. जी पुढे, ती रिलेत. आणि बरोबरी झाली, तर ज्याचं मन पक्कं त्याला जागा. एकसष्टवाल्यांनी विचार करावा."

सगळ्यांना आकडा कळला. मी कोणाला सांगितला नव्हता, पण मोजला मीच होता.

मी सरांना गाठलं. "सर, हा कागद निवडीसाठी नाही. तो फक्त..."

"मग कशासाठी भरून घेतला? ताप मोजायचा आणि औषध द्यायचं नाही?"

कपडे बदलायच्या खोलीत खेकडी बाकावर बसून टोपी उलटी करत होती. मला बघून म्हणाली, "ताई, एक विचारू? मी खोटं लिहिलं असतं तर किती मिळाले असते?"

"तसं..."

"सांगा ना. तुम्हाला गणित येतं."

"एकशे तीसच्या आसपास."

"म्हणजे खोटं बोललं की मन कणखर होतं." तिने टोपी पिशवीत कोंबली. "छान आहे तुमचं शास्त्र."

गुरुवारी ती सरावाला आली नाही. चार वर्षांत पहिल्यांदा.

*

दुपारी मी तिच्या घरी गेले. तिसरा मजला, दोन खोल्या, दाराच्या मागे खाकी गणवेश टांगलेला. तिची आई शहराची बस चालवायची. पहिली पाळी संपवून नुकतीच आली होती आणि बादलीत गरम पाणी घेऊन त्यात पाय बुडवून बसली होती.

"या. तुम्हीच का त्या एकसष्टवाल्या?"

"हो, काकू."

"बसा. ती आतल्या खोलीत आहे. दार आतून लावून घेतलंय. लावू दे. भूक लागली की कडी उघडते."

आतून आवाज आला, "मला ऐकू येतंय, आई!"

"ऐकू यावं म्हणूनच बोलतेय!"

मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. कागद असा वापरायचा नसतो, चूक माझी, वगैरे. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ती नेमकं करते काय, की तिला भित्री म्हणतात?"

"भिंत जवळ आली की हळू होते. मान वळवून मागे बघते. बाहेरच्या तलावात जास्तच. सर म्हणतात, भिंतीला घाबरते."

"मागे जाताना मागे बघते?" काकूंनी पाय बादलीतून काढून पायपुसण्यावर ठेवले. "अहो, माझी बत्तीस फुटांची गाडी. मागे न बघता मागे घेणाऱ्याला आमच्याकडे धीट म्हणत नाहीत, घरी पाठवतात."

मला हसू आलं. "पण ती तिथे पोहताना बघू शकत नाही, काकू. वेळ जातो. म्हणून पाण्यावर आडवी दोरी असते, रंगीत झेंड्यांची. भिंतीपासून पाच मीटरवर. डोळ्यांवरून झेंडे गेले की हात मोजायचे, अमुक इतके झाले की पालथं होऊन वळायचं. भिंत बघायची गरजच नाही."

"हं. आमच्या डेपोत पिवळा पट्टा असतो तसा. आरशात पट्टा दिसला की मनात एक, दोन म्हणायचं आणि ब्रेक. मध्ये एकदा काँक्रीट केलं आणि पट्टा नव्याने मारला. आठवड्यात सात गाड्यांचे मागचे दिवे फुटले. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. म्हणे, चालक बेफिकीर झालेत, डोकं ठिकाणावर नाही. सगळ्या गाड्यांचं डोकं एकदमच कसं फिरलं, ते कोणी विचारलं नाही."

"मग?"

"मग काय. गाड्या धुणाऱ्या बाईने सांगितलं, पट्टा भिंतीकडे सरकलाय. ती रोज तिथेच पाणी मारायची ना."

मी उठले. काकू म्हणाल्या, "अहो, चहा?" मी जिन्यात होते.

*

क्लबाच्या कचेरीत चार वर्षांच्या वह्या होत्या. मी प्रत्येक पोहणाऱ्याची घरची वेळ आणि बाहेरची वेळ शेजारी शेजारी मांडली आणि वजाबाकी केली. फ्रीस्टाइलवाले बाहेर कधी तीन दशांश पुढे, कधी दोन दशांश मागे. छातीवरचे तसेच. फुलपाखरूवाले तसेच. पाठीवर पोहणारे सहा जण होऊन गेले होते, खेकडी धरून. सहाच्या सहा बाहेर मागे पडले होते. सव्वा ते पावणेदोन सेकंदांनी, प्रत्येक वेळी. एकदाही, एकजणही पुढे नाही.

भीती असेल तर ती फक्त उताण्या माणसालाच कशी धरते? सहा जणांपैकी चौघांनी पोहणं सोडलं होतं. चौघांच्या शेवटच्या शेऱ्यात तेच दोन शब्द होते.

मग मला एक जुनी गोष्ट आठवली, जी तलावावर विनोद म्हणून सांगत. आमच्याकडे मैत्रीपूर्ण सामना होता तेव्हा एका पाहुणीचं डोकं भिंतीवर आपटलं होतं, तीन टाके पडले होते. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या पाहुण्याचं मनगट. "आमची भिंत पाहुण्यांना ओळखत नाही," असं बेडकी म्हणायची.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता तलाव रिकामा होता. तलावाचा पंप सांभाळणारे पंपकाका गाळणीची जाळी धूत होते. मी त्यांना मोजपट्टीचं एक टोक भिंतीला लावून धरायला सांगितलं आणि दुसरं टोक झेंड्यांच्या खांबापर्यंत नेलं.

चार मीटर दोन सेंटीमीटर.

पलीकडच्या टोकाला चार मीटर एक.

"दोन्हीकडे सारखंच आहे बघा," पंपकाका अभिमानाने म्हणाले. "मीच बसवलेत. चार वर्षांपूर्वी फरशी नवीन केली ना, तेव्हा जुनी भोकं खाली गेली. त्याच जागी पाडणार होतो, पण मध्ये सांडपाण्याची जाळी आली. म्हणून मीटरभर भिंतीकडे घेतली. पण वाकडं काम नाही केलं. इकडे जेवढं, तिकडे तेवढं."

"काका, नियमात पाच मीटर आहे."

"असेल. पण मला काय माहीत? मला वाटलं शोभेची झालर आहे."

"हलवता येतील?"

"येतील की. पण सरांच्या सहीशिवाय मी खिळासुद्धा हलवत नाही. मागे एक घड्याळ हलवलं होतं, अजून ऐकून घेतोय."

गणित सोपं होतं. आमच्या तलावात झेंड्यांनंतर तीन हात मारून पालथं व्हायचं. बाहेर झेंडे एक मीटर आधी येतात, म्हणजे चार हात लागतात. आमच्या मुली तीन मारून पालथ्या होतात, भिंत हाताला लागत नाही, आणि त्या पाण्यावर नुसत्या तरंगत जातात. काठावरून ते अगदी भीतीसारखं दिसतं. पाहुण्यांचं उलट. ते चौथा हात मारतात आणि आमची भिंत त्यांना मारते.

*

सरांनी आकडे बघितले. नीट बघितले, हे मी मान्य करते. मग वही मिटली.

"किती दिवस राहिले चाचणीला?"

"दोन."

"मग आता पोरींना सांगायचं, दोरी चुकली होती, तुमचं काही चुकलं नाही? सबब कशी असते माहितीय? एकदा हातात दिली की सुटत नाही. मीपण पोहलोय. पाण्यात सबब तरंगत नाही, माणसाला घेऊन बुडते."

"सर, ही सबब नाही. मोजमाप आहे."

"इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही आणि तुझ्या आलं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता. "आणि मोजमाप खरं असेल तर मी सहा पोरांना काय केलं, ते पण सांग." त्यांनी वहीवर हात ठेवला. "रविवारनंतर बघू."

खेकडी शुक्रवारी संध्याकाळी आली. भूक लागून कडी उघडली होती म्हणे. मी तिला काठावर बसवून सगळं सांगितलं, कागद दाखवले. तिला हायसं वाटेल असं मला वाटत होतं.

तिने कागद वाचले आणि झेंड्यांकडे बघत राहिली. तिचे कान हळूहळू लाल झाले.

"चार वर्षं," ती म्हणाली. "मी घरी जाऊन भिंतीला पाठ टेकून उभी राहायचे, माहितीय? दिवा बंद करून. भीती जावी म्हणून. आईला वाटायचं मी ध्यान करते."

"आता कळलं ना, तुझ्यात काही..."

"थांबा. म्हणजे दोरी बरोबर असती आणि तरी मी हळू झाले असते, तर मग मी कच्ची? तेव्हा चाललं असतं मला तसं म्हटलेलं?"

मी कागद गोळा करायला लागले.

"मला भीती वाटते, ताई. डोकं आपटेल असं प्रत्येक वेळी वाटतं. दोरी कुठेही बांधा. वाटते आणि मी पोहते. दिवसाला किती वेळा?"

"चाळीस वळणं. वर्षाला पावणेतीनशे दिवस. चार वर्षांची चव्वेचाळीस हजार."

"चव्वेचाळीस हजार वेळा मी न दिसणाऱ्या भिंतीवर डोकं नेलं. त्या चिमणीला भीतीच वाटत नाही, मग ती कसला धीर करते? हे लिहा तुमच्या कागदावर." ती उठली. "रविवारी चार मारायचे ना? चार मारीन."

सांगणं सोपं होतं. आमच्या झेंड्यांखाली चार हातांचा सराव करणं म्हणजे डोकं फोडून घेणं, आणि मोठ्या तलावात चाचणीआधी आम्हाला प्रवेश नव्हता. चव्वेचाळीस हजार वेळा अंगात मुरलेला आकडा तिला एकदाही करून न बघता मोडायचा होता. तिसऱ्या हातानंतर तिचं सगळं अंग ओरडून सांगणार होतं, भिंत आली. आणि तिने तेव्हा, डोळे छताकडे ठेवून, डोकं जिथे आपटणार असं वाटतंय तिकडे अजून एक हात पूर्ण ताकदीने मारायचा होता. एका मोजपट्टीवर विश्वास ठेवून. मी ती पट्टी दुसऱ्या पट्टीशी ताडून बघितली. नंतर तिसरीशी.

*

मोठ्या तलावात पाणी जास्त निळं वाटतं, कारण तळाच्या फरश्या नव्या असतात. पोहोचल्याबरोबर मी खांब मोजले. पाच मीटर, एका सेंटीमीटरचाही फरक नाही. मी खेकडीकडे बघून मान हलवली.

ती सरळ चिमणीकडे गेली. चिमणी दोरीच्या उड्या मारत होती.

"ऐक. इथे झेंड्यांनंतर चार. तीन नाही."

"काय?"

"आपले झेंडे चुकीचे आहेत. इथले बरोबर. चार मार."

चिमणीने माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. "सर म्हणाले, खेकडीताई काय सांगेल ते ऐकू नको. ती तुला घाबरवेल."

"मी घाबरवत नाहीये गं, मोजायला सांगतेय."

"मला भीती नाही वाटत," चिमणी म्हणाली आणि पुन्हा उड्या मारायला लागली. खेकडी परत माझ्याजवळ आली. "सांगितलं," ती म्हणाली. "आता माझी मी."

शिट्टी झाली. दोघी पाण्यात उतरल्या, दांड्याला धरून पाय भिंतीला टेकवले. दुसऱ्या शिट्टीला कमानीसारख्या मागे उडाल्या.

चाळीस मीटरपर्यंत खेकडी एका हाताने पुढे होती. झेंडे डोक्यावरून गेले. मी मोजत होते. एक. दोन. तीन. आणि तिसऱ्या हाताला तिचं अंग आखडलेलं मी बघितलं. खांदा वर आला, मान वळायला लागली, पालथं होण्यासाठी कंबर निम्मी फिरली. तेवढ्यात तिने ती कंबर परत ओढून आणली. चौथा हात गेला. मग ती पालथी झाली, गुडघे पोटाशी घेतले, आणि पाय भिंतीवर अशा जोरात बसले की पाणी काठावर सरांच्या बुटांवर उडालं.

शेजारच्या रांगेत चिमणी तीन हात मारून पालथी झाली होती. हात पुढे करून ती भिंतीकडे तरंगत होती. पाण्यातलं एक मीटर अंतर काठावरून बघताना किती मोठं असतं, ते मला तेव्हा कळलं. ती पाय मारत, चाचपडत भिंतीला लागली तोपर्यंत खेकडी पाण्याखालून निघून वर आली होती.

शेवटीही तसंच झालं. खेकडीने एक हात जास्त मारला आणि भिंतीला हात लावला. एक मिनिट आठ पूर्णांक नऊ. आजवरची तिची सर्वांत चांगली वेळ, घरची आणि बाहेरची धरून. चिमणी साडेतीन सेकंदांनी आली.

मोटर आणि बेडकी किंचाळत होत्या. सरांनी घड्याळ बघितलं, परत बघितलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघितलंस?" ते खेकडीला म्हणाले. "चिमटा काढला की होतं. मन घट्ट केलंस की नाही?" मग ते चिमणीकडे वळले आणि चेहरा बदलला. "आणि तुला काय झालं गं? भिंतीजवळ थांबलीस? एकशे अठ्ठावीस गुण ना तुझे? तूही कच खाल्लीस?"

चिमणी दोन रांगांमधल्या दोरीला लटकून रडत होती. "मी नव्हते घाबरले, सर! मला भिंत सापडलीच नाही!"

"सगळ्या असंच म्हणतात," सर म्हणाले आणि पेनचं टोपण काढलं.

"लिहू नका."

खेकडी अजून पाण्यातच होती. एका हाताने काठ धरलेला, छाती भात्यासारखी चाललेली. सरांनी खाली बघितलं.

"तुझं झालं ना काम? जागा मिळाली. आता गप बस."

"नाही बसत. तिच्या नावापुढे तो शब्द लिहायचा नाही. तिला तीन शिकवलेत तुम्ही, ती तीन पोहली. मी पण पाच वेळा तीन पोहले आणि तुम्ही पाच वेळा लिहिलंत. ताईंनी तुम्हाला आकडे दाखवले होते. तरी तिला पाण्यात सोडलंत."

सरांनी पेन तिच्याकडे रोखलं.

"तू मला शिकवणार?"

"आणि मन घट्ट केलं म्हणून नाही झालं. मन तसंच आहे. आत्ता तिसऱ्या हाताला जेवढी भ्यायले तेवढी आयुष्यात भ्यायले नव्हते." तिने दम खाल्ला. "तिची परत चाचणी घ्या. आत्ता. चार मोजून. मी पण पोहते."

मी म्हणाले, "अगं, तू आत्ताच शंभर..."

"ताई, तुम्ही नाडी मोजा."

सर खाली वाकले. "आणि ती तुझ्या पुढे गेली तर? जागा गेली. कळतंय का तुला?"

"गेली तर गेली. रडेन. घरी जाईन. परवा परत येईन. पण दोरीने जिंकलेली जागा मला नकोय. दोरीने चौघांची घालवलीत तेवढी पुरे."

सर सरळ झाले. मग वही न लिहिताच बंद करून त्यांनी काखेत धरली.

"अर्ध्या तासाने," ते म्हणाले.

तो अर्धा तास खेकडी चिमणीला घेऊन काठावर बसली. चिमणीने डोळे मिटले होते आणि खेकडी तिच्या दंडावर थाप मारत मोजत होती. एक, दोन, तीन. चौथ्याला चिमणी दर वेळी दचकायची. "दचक," खेकडी म्हणत होती. "दचकून मार."

"ताई, तुलापण असं होतं?"

"प्रत्येक वेळी. तुला?"

चिमणीने आधी नाही म्हणून मान हलवली. मग हो म्हणून.

खेकडीची नाडी अजून एकशे बारावर होती. मी ती सरांना दाखवली. त्यांनी आकडा बघितला आणि शिट्टी तोंडात धरली.

या वेळी पहिले पन्नास मीटर चिमणी पुढे होती. झेंड्यांनंतर तिने चार मारले, चौथा वेडावाकडा, पण मारला, आणि तिचे पाय भिंतीवर बसले. मोटर ओरडली, "गेली! चिमणी गेली!" खेकडी अर्धा सेकंद मागून वळली. सत्तर मीटरला अंतर तेवढंच. ऐंशीला खेकडीचे खांदे जड पडायला लागल्याचं दिसत होतं, हात पाण्यात पडताना थपकन आवाज येत होता. नव्वदला त्या बरोबर होत्या. झेंडे. चिमणीने मोजताना जराशी मान वर केली आणि तिची कंबर बुडाली. खेकडीने तर चक्क मागे वळून भिंत बघितली, सगळ्यांच्या देखत, आणि त्याच फटक्यात पुढे जाऊन भिंत धरली.

खेकडी एक मिनिट दहा पूर्णांक सहा. चिमणी एक मिनिट दहा पूर्णांक आठ. चिमणीचीही ही आजवरची सर्वांत चांगली वेळ होती. घड्याळ थांबवलं तेव्हा माझा अंगठा पांढरा पडला होता.

खेकडीला वर चढता येत नव्हतं. बेडकी आणि मोटरने तिला काखेत हात घालून ओढून काढलं आणि ती ओल्या फरशीवर तशीच उताणी पडून राहिली. सर तिच्या डोक्याशी येऊन उभे राहिले.

"मागे बघितलंस."

"हो."

"दोन दशांश गेले त्यात."

"गेले असतील." तिने डोळे उघडले नाहीत. "रिलेत पण बघेन. चालत असेल तर घ्या."

सरांनी रिलेच्या कागदावर पहिल्या टप्प्यापुढे तिचं नाव लिहिलं. राखीव म्हणून चिमणीचं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारी त्या खांबांचं बघू."

खेकडी कोपरावर उठून बसली.

"सोमवारी सकाळी सहाला बत्तीस जण पाण्यात असतील, सर. सगळे तीन मोजतील. आज."

"आज रविवार आहे. पंपकाका..."

"त्यांना तुमची सही लागते. तुम्ही इथे आहात. आपली बस परत जाताना आपल्या तलावावरूनच जाते."

सरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. रविवारी आमचा तलाव पाचला बंद व्हायचा. सव्वाचार झाले होते. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो आणि ते फक्त तिच्याकडे.

"मग अंग पुसा पटापट," ते म्हणाले.

तिने पुसलं नाही. टॉवेल चिमणीच्या खांद्यावर टाकला आणि ओल्या पायांनी बसच्या दिशेने चालायला लागली.